चिंधी ते गिलावा
(उत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



सांगली-विट्याकडून गलाईच्या धंद्यासाठी आलेली आपली कुटुंबे तामिळनाडूत गावोगावी स्थिरावली, घरेही बांधू लागली. म्हणून आज व्यवहाराचा विषय घेतो: कापड उद्योगातले टाकाऊ धागे बांधकामात वापरता येतील काय? येतील, पण सरसकट नव्हे.

कल्पना जुनीच आहे. गावाकडे मातीच्या गिलाव्यात भुसा मिसळत. प्लास्टरच्या गणेशमूर्तीत कारागीर काथ्या घालतात. ओला थर वाळताना आकसतो, भेगाळतो. तंतू ती भेग धरून ठेवतात.

सिमेंटचे मात्र वेगळे आहे. ओल्या सिमेंटचा सामू १२ च्या वर असतो. तिरुभुवनमच्या मागावरचे रेशीम अशा क्षारात टिकत नाही. इचलकरंजीचे सुती कातरण पाणी पिऊन फुगते आणि ओल-सुकीच्या फेऱ्यांत ठिसूळ होते. पापनाशमसारख्या कावेरीकाठच्या दमट गावी हे विसरून चालणार नाही. नायलॉन व पॉलिप्रॉपिलिन क्षारात चांगले टिकतात. पॉलिएस्टर सावकाश झिजते. पण गिलाव्याच्या बारीक भेगा पहिल्या काही तासांतच पडतात, तेवढ्यापुरते ते उपयोगी आहे.

ओळखायचे कसे? एक धागा चिमट्यात धरून जाळा. सूत कागदासारखे जळून मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळून कडक मणी बनतो. मिश्र कापड दोन्ही खुणा दाखवते. ते बाजूला ठेवा.

प्रमाणही महत्त्वाचे. बाजारातले पॉलिप्रॉपिलिनचे तंतू बहुधा १२ मिलिमीटर लांब असतात आणि एक घनमीटर काँक्रीटला सुमारे ९०० ग्रॅम लागतात. जास्त घातले तर गोळे होतात. टाकाऊ धाग्यांची लांबी सारखी नसते, त्यांवर तेल-रंगही असतो. म्हणून आधी कुंपणाच्या भिंतीवर हातभर गिलावा करून पाहावा.

सुती-लोकरी चिंध्यांना दुसरी वाट आहे. पानिपतला जुन्या कपड्यांचे पुन्हा सूत काढून ब्लँकेटे विणतात.

शेवटी एकच विनंती. धागे घातले म्हणून सळई कमी करू नका. खांब, तुळई आणि स्लॅबमध्ये चिंधीचा प्रयोग नकोच. तिथे आयुष्याची कमाई आणि घरातली माणसे, दोन्ही पणाला लागतात.