दांड्या दिसतात, फोन लागत नाही



मुंबई-अहमदाबाद महामार्गावर तलासरीच्या पुढे अच्छाड लागतं. गुजरातच्या हद्दीला टेकलेलं गाव, पलीकडे भिलाड. लहरींना तपासणी नाका नसतो, त्यामुळे इथला फोन घरबसल्या गुजरातचा टॉवर पकडू शकतो. पूर्वी त्याचे रोमिंगचे पैसे पडायचे.

महामार्गावर गाड्या खोळंबल्या की ट्रकवाले, प्रवासी सगळे एकदम फोन काढतात. दांड्या पुऱ्या, पण फोन लागत नाही. एसटी फाट्यावर आली, पण आत पाय ठेवायला जागा नाही! टू-जीत एका वाहक लहरीच्या वेळेचे आठ भाग पडतात. एक व्यवस्थेला गेला की एकावेळी साधारण सात जणांचं बोलणं होतं. फोर-जीत सगळ्यांत मिळून वाटप, म्हणून गर्दी वाढली की प्रत्येकाचा वाटा घटतो. उपाय काय? टॉवर वाढवायचे आणि प्रत्येकाचा पल्ला मुद्दाम आखूड ठेवायचा, म्हणजे त्याच लहरी थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येतात.

डोंगराआडच्या पाड्यांवर नेमकं उलटं. तिथे फोन मोजके, पण टेकडी आड येते. टू-जीचा पल्ला कागदावर पस्तीस किलोमीटर. त्याआधीच आपला फोन दमतो. फोर-जी फोनची ताकद जेमतेम ०.२ वॅट. टॉवरचं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्याला पोहोचत नाही. टेकाडावर चढून बोलणारी माणसं शास्त्राला धरूनच वागतात. चार घरांसाठी टॉवर परवडत नाही, हा कंपन्यांचा हिशेब मला कळतो, पटत नाही.

कारण हा भूकंपाचा मुलूख आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, धुंदलवाडीच्या आसपास धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ चा ४.१ तीव्रतेचा होता. जमीन हादरली की घराबाहेर धावलेला प्रत्येक जण त्याच मिनिटाला कुणाला तरी फोन लावतो. एवढ्या बोलण्याला कुठलाच टॉवर पुरत नाही.

रेडिओवरचं हे भाषण मात्र दहा जण ऐकोत की दहा लाख, प्रक्षेपकाला भार सारखाच. तुम्ही उलट बोलत नाही ना! २०२३ साली फोनवर कर्कश वाजलेला सरकारी चाचणी इशारा असाच होता. टॉवर तो एकेकाला पाठवत नाही, एकदम साऱ्या फोनांना ऐकवतो. घरच्यांची खुशाली मात्र त्यात येत नाही. त्यासाठी धक्क्यानंतर फोन लावत बसू नका, दोन शब्दांचा एसएमएस करा. त्याला बोलण्याची जागा लागत नाही, आणि लगेच गेला नाही तरी थोड्या वेळाने पोहोचण्याची शक्यता असते.