बोलक्या भुवयांचा ग्रॉमिट

इंग्लंडमधल्या प्रेस्टनला १९५८ साली जन्मलेल्या निक पार्क यांनी चित्रपटशाळेत शिकताना, १९८२ मध्ये, एक लघुपट हाती घेतला. चीज संपलं म्हणून रॉकेट बांधून चंद्रावर निघालेला वॉलेस आणि त्याचा कुत्रा ग्रॉमिट यांची ही गोष्ट. ती पुरी झाली १९८९ मध्ये, ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओच्या मदतीनं!

एवढा वेळ का? प्लॅस्टिसिनची, म्हणजे न वाळणाऱ्या मातीची बाहुली केसभर हलवायची, छायाचित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. ग्रॉमिट आधी बोलणार होता, पण त्याचं तोंड हलवणं भलतंच जिकिरीचं निघालं. मग तोंडालाच फाटा! सारा अभिनय आला भुवयांवर. पार्क यांची खरी करामत, मला वाटतं, तीच.

पुढे ऑस्करच्या शर्यतीत एकाच वर्षी त्यांचे दोन लघुपट आमनेसामने आले. चंद्रावरची सफर हरली, ‘क्रीचर कम्फर्ट्स’ जिंकला. त्यात प्राणिसंग्रहालयातले प्राणी जागा अपुरी, हवा थंड अशी कुरकुर करतात. आवाज मात्र सामान्य माणसांच्या खऱ्याखुऱ्या मुलाखतींतले आहेत.