घडीची सायकल

(गांधीबाग, नागपूर येथे भरलेल्या स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

'परदेशातले अनुभव' या विषयावर बोल, असं मला आयोजक मैत्रिणींनी सांगितलं. परदेश म्हटलं की ऐकणाऱ्यांना बर्फ, उंच इमारती, मोठे रस्ते यांची अपेक्षा असते. मी मात्र आज एका सायकलीबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, त्यासाठी अमेरिकेत कशाला जायला हवं? आपल्या गांधीबागेत काय सायकली कमी आहेत? नाहीत. पण त्यातल्या बायकांच्या किती, ते घरी जाताना एकदा मोजून बघा.

माझं लहानपण याच कापड बाजारातलं. खाली ठोक दुकान, वर आम्ही. बाबा त्याच दुकानात दिवाणजी होते. त्यांची काळी, उंच सायकल जिन्याखाली उभी असे आणि तिची किल्ली त्यांच्या खिशात. दादा दहावीत गेला तेव्हा त्याला वेगळी सायकल मिळाली. मी तासाच्या भाड्याची सायकल आणून गांधीबाग उद्यानाच्या बाजूला कैंची चालवायला शिकले. हातठेले, कापडाच्या गाठी आणि हमाल यांच्यामधून सायकल काढायला मी तयार झाले होते. आठवीत गेले आणि ते थांबलं. कुणी मारलं नाही, रागावलंही नाही. आई एवढंच म्हणाली, "आता मोठी झाली ना तू. खाली सारे ओळखीचे लोक बसून राह्यतात. बरं दिसते का?" तेव्हापासून माझं येणं-जाणं दुसऱ्याच्या वाहनावर ठरू लागलं. दादाला वेळ आहे का, ऑटोला पैसे आहेत का, सोबत कोण आहे. सवय अशी होते की आपल्याला कुठं अडवलं जातंय हे कळतसुद्धा नाही.

२००९ साली लग्न होऊन मी न्यू जर्सीतल्या एडिसनला गेले. तिथं मराठी, गुजराती, तेलुगू माणसं भरपूर. नवरा कॉम्प्युटरच्या नोकरीत. माझा व्हिसा 'एच-४'. म्हणजे नोकरीवर आलेल्या माणसाच्या बायकोचा. या व्हिसावर तेव्हा कोणतीही नोकरी करता येत नसे. पुढं मे २०१५ मध्ये नियम बदलला आणि ज्यांच्या नवऱ्यांचे ग्रीन कार्डाचे कागद एका टप्प्यापर्यंत पोहोचले होते, अशा काही बायकांना कामाचा परवाना मिळू लागला. मी गेले तेव्हा तेही नव्हतं. एम.कॉम. झालेली मी, सकाळी साडेसातला नवरा गाडी घेऊन गेला की दुसऱ्या मजल्यावरच्या घरात संध्याकाळपर्यंत बसून. वाचनालय अडीच मैलांवर, रेल्वे स्टेशन दीड मैलावर, दुकानं त्याच्याही पलीकडं. बऱ्याच रस्त्यांना पायी चालायची वाटच नव्हती.

माझा नवरा वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगते. तो म्हणायचा, "तुला कुठं जायचंय ते सांग ना, शनिवारी नेईन." पण मला शनिवारी नको होतं, मला मंगळवारी हवं होतं. आणि मंगळवारी का, हे कुणाला सांगायचं नव्हतं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी भांडण कसं करावं, हे मला कळत नव्हतं. आपल्या चळवळीत मारहाणीबद्दल, हुंड्याबद्दल आपण बोलायला शिकलो. पण प्रेमानं अडवलं जातं, त्याला काय म्हणायचं?

सायकल घ्यायचं मी ठरवलं. साधी सायकल घेणं सोपं होतं, पण दोन अडचणी होत्या. एक म्हणजे खाली ठेवायला जागा नव्हती आणि बाहेर बांधलेली सायकल चोरीला जायची. दुसरी अडचण गाडीची. न्यू जर्सीच्या लोकल गाडीत गर्दीच्या वेळी साधी सायकल चढवू देत नाहीत. घडी होणारी सायकल मात्र कोणत्याही वेळी चालते. म्हणजे घडीची सायकल घेतली, तर घरापासून स्टेशन, स्टेशनापासून पुढचं गाव आणि परत, हे सगळं माझ्या हातात येणार होतं.

पैसे माझ्याजवळ होते. निघताना आईनं स्वतःच्या साठवणीतले काढून, डॉलर करून, माझ्या हातात दिले होते. "हे कोणाले सांगू नको," म्हणाली. जिनं मला सायकलीवरून उतरवलं, तिच्याच पैशांनी मी पुन्हा चढले. आपल्या आयांचं हे असं असतं. एका हातानं त्या रीत सांभाळतात आणि दुसऱ्या हातानं मुलीसाठी दार थोडं उघडं ठेवतात.

पहिली सायकल घेताना मी फसले. एका मोठ्या दुकानातून सगळ्यात स्वस्त ती आणली. दोन महिन्यांत तिची मधली बिजागरी खिळखिळी झाली. वळताना पुढचा अर्धा भाग एकीकडं आणि मागचा दुसरीकडं जातोय असं वाटायचं. दुकानानं परत घेतली नाही. चार दिवस रडले. नवरा म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो." ते वाक्य सायकलीपेक्षा महाग पडलं.

मग मात्र मी वाचनालयात बसून नीट अभ्यास केला, आणि तो तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगते. घडीची सायकल घेताना आधी रंग बघू नका, बिजागरी बघा. सायकल उघडून खटका लावा, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडल मागंपुढं हलवा. मधे किंवा हँडलच्या खालच्या जोडाला जरासुद्धा हादरा जाणवला, तर ती सायकल सोडून द्या. मुख्य खटका आपोआप उघडू नये म्हणून त्याला दुसरी अडणी असायला हवी. सीटच्या दांड्यावर एक खूण असते, तिच्या वर दांडा ओढायचा नाही. चाकं बहुधा सोळा किंवा वीस इंची असतात. सोळा इंचीची घडी लहान होते, वीस इंची खड्ड्यांतून बरी चालते. पण वीस इंचीतही टायरची दोन वेगळी मापं येतात. तेव्हा टायर-ट्यूब जवळच्या दुकानात मिळते का, हे आधीच विचारा. चेनवर झाकण हवं, नाहीतर सलवार गेलीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुकानातच घडी घाला, उचला आणि दहा पायऱ्या चढा. विकणारा 'हलकी आहे' म्हणेल. कुणाला हलकी, हे त्याला विचारायचं.

ब्रॉम्प्टन ही लंडनची सायकल या प्रकारात फार नावाजलेली. अँड्र्यू रिची या इंजिनिअरनं १९७०च्या दशकात आपल्या राहत्या घरात तिचा पहिला नमुना बांधला. ती मी डोळे भरून पाहिली, पण किंमत हजार डॉलरच्या वर. शेवटी वाचनालयाच्या फलकावरची चिठ्ठी वाचून एका निवृत्त शिक्षिकेकडून वीस इंची डाहॉन घेतली, जुनी, पण बिजागरी घट्ट. डाहॉन ही कंपनी डेव्हिड हॉन या भौतिकशास्त्रज्ञानं १९८२ मध्ये सुरू केलेली. वजन साधारण बारा किलो, पाण्यानं भरलेल्या गुंडाएवढं. नागपूरच्या उन्हाळ्यात गुंड उचललेल्या बाईला ते काय जड!

पहिल्याच दिवशी पडले. आपल्याकडं उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, तिकडं डाव्या हाताचा. सवयीनं डावा दाबला आणि हँडलवरून पुढं गेले. गुडघा फुटला. घरी येऊन चुपचाप हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले. त्या आठवड्यात वाचनालयात गेले, पुढच्या महिन्यात गाडीनं न्यू ब्रन्सविकला. तो मंगळवार होता. तिथं काही विशेष केलं नाही. नदीकाठी बसून डबा खाल्ला आणि परत आले. संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "आज काय केलंस?" मी म्हटलं, "फिरून आले." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "चाकात हवा आहे ना नीट?" आमच्या संसारातलं ते एक वळण होतं, असं आज वाटतं.

आमच्या खाली एक तेलुगू बाई राहायची. तिच्या घरातले आवाज आम्हाला ऐकू यायचे. अशा दक्षिण आशियाई बायकांसाठी न्यू जर्सीत 'मानवी' ही संघटना १९८५ पासून काम करते. तिचा फोन नंबर मी त्या बाईला दिला. पण नंबर असून भागत नाही, दाराबाहेर पडावं लागतं. दुपारी ती माझ्याकडं सायकल शिकायला येऊ लागली. घडीची सायकल माझ्या घरात असे, त्यामुळं कुणाला काही दिसलं नाही. एका सकाळी ती लहान पिशवी घेऊन आली आणि सायकल मागितली. मी काही विचारलं नाही. तीन दिवसांनी तिच्या बहिणीचा फोन आला, "सायकल आमच्याकडं आहे, घेऊन जा." ती सुखरूप होती. सायकलीनं तिला सोडवलं असं मी म्हणणार नाही. सुटली ती स्वतःच्या बळावर. स्टेशनापर्यंतचा दीड मैल तेवढा सायकलीचा.

हा दीड मैल जगभरच्या बायकांनी मोजलेला आहे. अमेरिकेतल्या दारूबंदी चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलार्ड त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि त्यावर त्यांनी १८९५ मध्ये पुस्तक लिहिलं. आपल्याकडं तमिळनाडूच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९१-९२ मध्ये साक्षरता मोहिमेबरोबर सायकल शिकवली गेली. कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी ती कल्पना उचलून धरली आणि शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या अशा हजारो बायका सायकलीवर बसल्या. त्यातल्या कितीतरी जणींनी पुरुषांची सायकलच पसंत केली, कारण मधल्या दांडीवर मूल बसवता येतं. बिहारनं २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले आणि शाळेत टिकणाऱ्या मुली वाढल्या. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. गांधीबागेतल्या मुलीला मात्र असं कुणी देत नाही. ती शहरात राहते, म्हणजे तिला अडचण नाही, असा समज आहे.

मी २०१६ मध्ये परत आले. डाहॉन बरोबर आणली. डिसेंबर २०२२ पासून आपल्या सेंट्रल अॅव्हेन्यूवरून मेट्रो धावते, चितारओळी चौकात स्टेशन आहे. तिथं मी जिन्याजवळ सायकलीची घडी घालते, तेव्हा माणसं थांबून बघतात. परवा एका मुलीनं विचारलं, "ताई, हे कोणाची आहे?" मी म्हटलं, "माझी." ती म्हणाली, "नाही, घरात कोणाची?"

मैत्रिणींनो, त्या मुलीचा प्रश्न मी तुमच्यापुढं ठेवते. आपल्या घरातलं वाहन कुणाचं आहे आणि त्याची किल्ली कुणाच्या खिशात आहे? चांगली सायकल म्हणजे महागडी सायकल नव्हे. जी आपल्याला एकटीला उचलता येते, जिचं पंक्चर आपल्याला काढता येतं आणि जी घेऊन निघताना कुणाला विचारावं लागत नाही, ती चांगली सायकल.

शेवटी एक सूचना करते आणि थांबते. आपण वर्गणी काढून केंद्रासाठी दोन सायकली घेऊ, जुन्या चालतील. सकाळी सहाला उद्यानाजवळ रस्ता मोकळा असतो. ज्यांना येत नाही त्यांना मी शिकवीन. पहिला धडा चालवायचा नाही, पंक्चर काढायचा. नावं आजच लिहून घेऊ. वयाची अट नाही. माझी आई सत्तरीची आहे, तिनं कालच नाव दिलंय.