आज गोळी घेतली का?

मागच्या वेळी आम्ही घरच्या सोयाबीनची उगवण कशी तपासायची ते सांगितलं होतं. आजचा विषय जरा जड आहे. पण भाकरी थापता थापता, शेंगा फोडता फोडता ऐका. आज आम्ही रक्ताच्या कॅन्सरबद्दल बोलणार आहोत, आणि त्या आजारात माणसाला माणसाची सोबत कशी होते त्याबद्दल.

आधी आमची एक चूक कबूल करतो. आमच्या बचत गटात आम्ही बारा जणी. महिन्याच्या बैठकीला बारा स्टीलचे पेले निघतात. तीन वर्षांपूर्वी त्यातला एक पेला आम्ही बाजूला काढला. त्याच्या बुडाला खिळ्यानं खूण केली. तो आमच्या आक्काचा पेला. आक्काला रक्ताचा कॅन्सर झाला होता, आणि आम्हाला वाटलं, रक्ताचा आजार म्हणजे लागणारच. आक्का काही बोलली नाही. ती खुणेचा पेला उचलायची, चहा प्यायची आणि स्वतःच विसळून ठेवायची. पुढं पुढं ती बैठकीलाच येईनाशी झाली.

मैत्रिणींनो, रक्ताचा कॅन्सर लागत नाही. उष्ट्यानं नाही, शेजारी बसल्यानं नाही, कपड्यांनी नाही. आपलं रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. तिथं रक्ताच्या पेशी बेसुमार आणि बिघडलेल्या तयार व्हायला लागल्या, की त्याला ल्युकेमिया म्हणतात. गाठींच्या रूपात होतो तो लिम्फोमा. मायलोमा नावाचा तिसरा प्रकार हाडं पोखरतो. लहान मुलांमध्ये जे कॅन्सर होतात, त्यात ल्युकेमिया सगळ्यात जास्त दिसतो. पण उपचार पुरे केले तर त्यातली बरीच मुलं बरी होतात, हेही लक्षात ठेवा.

आक्काला झाला होता त्याला डॉक्टर सीएमएल म्हणतात. तिला सहा महिने थकवा होता. रात्री घामानं लुगडं भिजायचं. डाव्या बरगडीखाली जड वाटायचं, दोन घास खाल्ले की पोट भरायचं. आम्ही काय म्हणालो? "पाळी जायचं वय आहे, होतं असं." एकीनं तर बाहेरचं बघायला सांगितलं. शेवटी लेकानं तालुक्याला नेऊन रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी चार हजार ते अकरा हजारांच्या मध्ये असाव्या लागतात. आक्काच्या दोन लाखांच्या पुढं होत्या. पोटातली पाणथरी सुजून मोठी झाली होती, म्हणून ते जडपण.

तिथून तिला मुंबईला पाठवलं. रात्रीची एसटी, पहाटे उतरायचं, रांगेत बसायचं. डॉक्टर चांगले होते, पण बाहेर दीडशे माणसं खोळंबलेली. त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं, "रोज एक गोळी, जेवणानंतर, चुकवायची नाही." आक्का बाहेर आली तेव्हा तिच्या मनात शंभर प्रश्न होते. गोळी किती वर्षं? शेतात जाऊ का? डोळे सुजले तर? मी मरणार आहे का? हे कुणाला विचारायचं? लेकाला विचारलं तर तो रडेल. आम्हाला विचारावं, तर आम्ही पेला वेगळा केलेला.

त्या रांगेत तिच्या शेजारी यवतमाळकडची एक ताई बसली होती. तिनं आक्काच्या हातातली गोळ्यांची डबी बघितली आणि म्हणाली, "हीच गोळी मी नऊ वर्षांपासून घेतोय बाई." आक्का सांगते, "डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला ऐकू आलं. त्या ताईनं सांगितलं तेव्हा मला पटलं." नऊ वर्षं गोळी घेऊन समोर बसलेली, डब्यातली भाजी-पोळी खाणारी बाई तिनं डोळ्यांनी बघितली होती.

अशी सोबत काही नवी नाही. परळच्या टाटा रुग्णालयात १९४१ सालापासून लांबलांबून माणसं येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत रुग्ण आणि त्यांची माणसं उतरतात. कोणता कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा, तोंड आलं तर काय खाता येतं, हे अशा ठिकाणी एकमेकांना सांगतच माणसं दिवस काढत आली. पण गावाला परतलं की ती सोबत तुटायची. आता फोनमुळं ती तुटत नाही, एवढाच फरक.

यवतमाळच्या ताईनं आक्काला फोनवरच्या एका गटात घेतलं. सगळे सीएमएलचे रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं. आक्का चौथी शिकलेली. लिहायला लाज वाटायची. पण तिथं बऱ्याच बाया लिहीत नाहीत, बोलून आवाज पाठवतात. आक्काही बोलायला लागली. अडचण एकच, फोन लेकाचा. सगळ्याच गोष्टी लेकानं ऐकाव्यात असं कुठल्या आईला वाटेल? तिनं आमच्याकडं फोनसाठी सात हजारांचं कर्ज मागितलं. बैठकीत वाद झाला. शेळीला कर्ज द्यायचं, शिलाई मशीनला द्यायचं, फोनला कशाला? शेवटी दिलं. आज आम्ही म्हणतो, त्या वर्षातलं ते सगळ्यात चांगलं कर्ज होतं.

फोनवर काय बोलतात? अगदी साध्या गोष्टी. सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, पायात गोळे येतात, मळमळतं. दुसरी सांगते, "मलाही होतं, पण डॉक्टरांच्या कानावर घाल." कुणी सांगतं, "पोटभर जेवून, मोठा पेलाभर पाण्याबरोबर गोळी घेतली की मला त्रास कमी होतो." रात्री दोनला झोप उडाली तर बोलायला कुणीतरी जागं असतं. आणि रोज रात्री जेवणं झाली की सगळ्यांना एकच प्रश्न येतो, "आज गोळी घेतली का?" ज्यानं घेतली तो अंगठा पाठवतो.

आता दुसरी चूक सांगतो. पहिलीपेक्षा मोठी, आणि तीही आमचीच.

वर्षभरात आक्काच्या पेशी ताळ्यावर आल्या. वजन वाढलं, ती खुरपायला जायला लागली. आम्हीच म्हणालो, "आता बरी झालीस की, किती दिवस गोळ्या खाणार? गोळ्यांनी आतडी जळतात." आमच्यातल्या एकीच्या फोनवर कुणीतरी काढ्याचा निरोप पाठवला होता, त्यात कॅन्सर मुळापासून जातो म्हणून लिहिलेलं. बाजाराच्या दिवशी पुडी मिळायची, आठवड्याला पाचशे रुपये. आक्कानं आमचं ऐकलं. तिला त्रास व्हावा असं आमच्यातल्या एकीलाही वाटत नव्हतं. पण गोळी बंद झाली आणि पुडी सुरू झाली.

सहा आठवडे गेले. आम्हाला काही कळलं नाही, कारण आक्का दिसायला ठीक होती. कळलं ते यवतमाळच्या ताईला. रोज रात्री आक्काचा अंगठा येईना. चार दिवस बघून तिनं विचारलं, तेव्हा आक्कानं "विसरले" म्हणून टाळलं. पुन्हा अंगठा येईना तेव्हा तिनं सरळ फोन लावला. ओरडली नाही. म्हणाली, "मीही तिसऱ्या वर्षी सोडली होती गं. बरं वाटत होतं म्हणूनच सोडली. मग आजार वर आला आणि मला दुसरं औषध घ्यावं लागलं. तू उद्याच जा."

आक्का त्या फोननंतर आमच्याकडं आली आणि रडली. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या दोघी तिच्याबरोबर मुंबईला गेल्या. तपासणीत आजार पुन्हा डोकं वर काढत होता. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. या आजारात रक्त वरून नीट दिसलं तरी आत बिघडलेल्या पेशी उरलेल्या असू शकतात. त्या शोधायची वेगळी तपासणी असते, ती ठरल्या वेळी करावी लागते. गोळी मध्येच सोडली तर आजार उलटू शकतो, आणि पुढं तीच गोळी लागू पडेनाशी होऊ शकते. झाडपाल्याची काही औषधं गोळीच्या कामात अडथळाही आणतात. काही जणांची गोळी पुढं थांबवता येते, पण ते डॉक्टर तपासण्या बघून ठरवतात आणि थांबवल्यावरही तपासण्या चालूच ठेवतात. आक्काचं नशीब की वेळेवर कळलं. तीच गोळी पुन्हा सुरू झाली, आणि पुढच्या काही महिन्यांत आकडे खाली आले.

या गोळीचीही एक गोष्ट आहे. इमॅटिनिब तिचं नाव. पूर्वी मूळ कंपनीच्या गोळीचा खर्च महिन्याला लाखावर जायचा. त्या गोळीच्या पेटंटचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कंपनीविरुद्ध उभं राहणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांसाठी काम करणारी संस्थाही होती. १ एप्रिल २०१३ ला न्यायालयानं पेटंट नाकारलं, त्यामुळं भारतातल्या इतर कंपन्यांना स्वस्त गोळी बनवत राहता आली. सीएमएल झालेल्या एका मुलाच्या आठवणीसाठी त्याच्या घरच्यांनी १९९७ मध्ये मॅक्स फाउंडेशन काढलं. आपल्या देशात त्याच नावावरून फ्रेंड्स ऑफ मॅक्स हा रुग्णांचा गट चालतो. दुखणं एकट्याचं असतं, पण माणसं एकत्र आली की वाट निघते, हे आपल्यासारख्या गटातल्या बायांना वेगळं सांगायला नको.

पण सोबत म्हणजे औषध नव्हे. हे आम्ही दोन चुका करून शिकलो. म्हणून आता आम्ही काही नेम पाळतो, ते ऐका.

सोबतीला अनुभव विचारायचा, औषध डॉक्टरांना विचारायचं. तुला कसं वाटलं, तू घरात कसं सांगितलंस, प्रवास कसा केलास, हे सोबतीला. गोळी किती, कधी, बंद करू का, दुसरं काही बरोबर घेऊ का, मूल हवंय तर काय करू, हे डॉक्टरांनाच. ही गोळी चालू असताना दिवस राहू देऊ नयेत, म्हणून तरुण मुलींनी लाजू नये, आधीच विचारावं.

दुसऱ्याचा आकडा आपल्याला लावायचा नाही. रक्ताच्या कॅन्सरचे प्रकार पुष्कळ आहेत. एकीला गोळी पुरते, दुसरीला केमो लागते.

फोनवर कुणी औषध विकायला लागलं, पैसे मागितले, आधारचा फोटो किंवा ओटीपी मागितला, तर देऊ नका. दुसऱ्यानं विश्वासानं सांगितलेलं गावात बोलू नका.

आणि एक गोष्ट कठीण आहे, पण सांगतो. अशा सोबतीत मरणही कळतं. मागच्या वर्षी त्या गटातल्या एका रुग्णाचा आवाज येणं थांबलं. आक्का दोन दिवस जेवली नाही. तेव्हा आम्ही तिच्याकडं जाऊन नुसतं बसलो. काही दिवस फोन बाजूला ठेवला तरी चालतं. मन फारच खचलं तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फुकट बोलता येतं.

फोनवरची माणसं लांबची. जेवणाचा डबा, जनावरांचं पाणी, सोबतीला एसटीत बसणं, हे गावातल्यांनीच करायचं असतं. आता आक्काच्या तपासणीच्या दिवशी आळीपाळीनं एक जण बरोबर जाते. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला भाड्यात सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायचं. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवायचं. हे सगळं आम्हाला आक्काच्या फोनवरच्या माणसांनीच शिकवलं.

तुमच्या गावात कुणाला बरेच दिवस ताप येत असेल, थकवा जात नसेल, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, मानेत, काखेत गाठी असतील, तर रक्ताची साधी तपासणी करून घ्या. प्रत्येक वेळी कॅन्सर नसतो. पण आमच्यासारखं "वयामुळं होतं" म्हणून सहा महिने घालवू नका.

२२ सप्टेंबर हा जगभर सीएमएलचा दिवस मानतात. या आजारात नऊ आणि बावीस या क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदलतात, म्हणून नवव्या महिन्याची बावीस तारीख. त्या दिवशी आक्का आमच्या रेडिओवर येणार आहे. तिला काय विचारायचं ते कळवा.

तो खुणेचा पेला आम्ही फेकला नाही. आता तो बाकीच्या अकरांत मिसळलेला असतो. चहा ओतल्यावर कुणाच्या हातात येतो ते बघत नाही. मागच्या बैठकीत तो आमच्या अध्यक्षीणबाईंच्या हातात आला. त्यांनी बुडावरची खूण बघितली, चहा प्यायल्या आणि आक्काला विचारलं, "आज गोळी घेतली का गं?"

पुढच्या आठवड्यात भेटू. रामराम.