पणजोबांच्या थडग्याचा शोध
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या घराण्याची माहिती कशी जमवावी, याविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली. मी इतिहासकार नव्हे. वसईतील केळीच्या वाडीत वाढलेला आणि नोकरीतून निवृत्त झालेला एक सामान्य गृहस्थ आहे. म्हणून विद्वत्तेच्या गोष्टी बाजूला ठेवून, आमच्या चर्चच्या जुन्या आवारात मी पणजोबांचे थडगे कसे शोधले, एवढेच आपल्यापुढे निवेदन करतो.

दर वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आमचे सारे घर फुले आणि मेणबत्त्या घेऊन स्मशानभूमीत जात असे. सर्वांच्या थडग्यांवर ज्योती लागत. माझी आत्या मात्र एक मेणबत्ती पदराआड धरून फाटकाबाहेर जाई आणि आवाराच्या भिंतीलगत, बाहेरच्या अंगाला ती लावी. एकदा मी विचारले, "आत्या, इथे कोण आहे?" ती म्हणाली, "तुझे पणजोबा. ते आत नाहीत." पुढे विचारण्याची माझी छाती झाली नाही.

मोठेपणी कारण कळले. पणजोबा पावसाळ्यातल्या एका रात्री विहिरीत पडून वारले होते. त्या वर्षी त्यांच्या डोक्यावर सावकाराचे देणे होते. लोकांनी या दोन गोष्टींची सांगड घातली आणि निकाल देऊन टाकला. १९१७ साली प्रसिद्ध होऊन पुढील वर्षी अमलात आलेल्या धर्मसभेच्या कायद्याने, बुद्धिपुरस्सर आत्मघात करणाऱ्यास ख्रिस्ती विधीने दफन नाकारले होते. तेव्हा पणजोबांना भिंतीबाहेरच पुरले असणार, असे लोक म्हणू लागले; आणि लोक म्हणतात म्हणून हळूहळू आमचे घरही तेच मानू लागले. घरात त्यांचे नाव कोणी मोठ्याने घेत नसे.

मला प्रथम वाटले, थडग्याचा दगड सापडला की प्रश्न सुटेल. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये आपण गेला असाल. छप्पर केव्हाच गेले, पण जमिनीतल्या शिळांवर पोर्तुगीज घराण्यांची नावे आजही वाचता येतात. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. राज्ये गेली तरी ते दगड राहिले. परंतु आपल्या शेतकरी पूर्वजांना दगड कोठून परवडणार? लाकडी क्रूस, त्यावर काळ्या रंगात नाव. चार-सहा पावसाळ्यांत नावही गेले आणि लाकूडही. शिवाय जागा अपुरी, म्हणून काही वर्षांनी तोच खड्डा दुसऱ्यासाठी उघडायचा आणि आधीच्या अस्थी आवाराच्या कोपऱ्यातील हौदात ठेवायच्या, ही आमच्या चर्चची जुनी वहिवाट. दगडाचा शोध तेथेच संपला.

मग मी वह्यांकडे वळलो. १५६३ साली संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदी ठेवण्याचे बंधन प्रत्येक चर्चवर घातले आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृतांच्या नोंदवहीचाही नमुना घालून दिला. फादरांच्या परवानगीने मी आमच्या चर्चच्या वह्या उघडल्या. पणजोबा कोणत्या वर्षी वारले, हेच घरात कोणास ठाऊक नव्हते. तेव्हा मी दोन टोके धरली. त्यांच्या धाकट्या मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद हे एक टोक. त्या वेळी ते हयात असल्याचे नोंदीवरून दिसत होते. दुसरे टोक माझ्या आजोबांच्या विवाहाची नोंद. तीत वडिलांच्या नावामागे 'दिवंगत' या अर्थाचा लॅटिन शब्द होता. शोध एवढ्या युक्तीने आठ वर्षांवर आला.

अडचण पुढेच होती. आपल्याकडे थोरल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. त्यामुळे त्या आठ वर्षांत एकाच नावाचे तीन मृत सापडले. त्यातून लॅटिन वळणाने जुवांवचा योआन्नेस होतो आणि पेद्रूचा पेत्रुस. अशा वेळी केवळ नावावर विसंबू नये. बायकोचे नाव आणि आळीचे नाव, या दोन्ही खुणा एकाच नोंदीशी जुळल्या. फादरांनी ती वाचून अर्थ सांगितला : विहिरीत घसरून पडल्याने मृत्यू, प्रार्थनाविधीसह दफन, स्थळ, या चर्चची स्मशानभूमी. खाली त्या काळच्या फादरांची सही होती.

बंधूंनो, त्या रात्री काय घडले हे मी सांगू शकत नाही; ते देवाला ठाऊक. त्याच कायद्यात असेही होते की, शंका उरली तर मृताला ख्रिस्ती विधीने दफन द्यावे. त्या फादरांच्या मनात शंका होती की खात्री, हेही वही सांगत नाही. पण प्रेत ज्यांनी पाहिले, घर ज्यांना ठाऊक होते, त्यांनी दार उघडले होते. ते बंद केले ते आपण, बोलण्याने. पुढे १९८३ च्या नव्या कायद्याने ती बंदीही काढून टाकली. आमच्या घरातली बंदी मात्र तशीच राहिली होती.

आत्या आता नव्वदीच्या पुढे आहे. गेल्या २ नोव्हेंबरला तिला खुर्चीवर बसवून आम्ही आत नेले आणि कोपऱ्यातील हौदापाशी थांबलो. नोंदीची नक्कल मी तिला वाचून दाखवली. तिने ती हातात घेतली, बराच वेळ धरून ठेवली आणि मेणबत्ती लावली. मग म्हणाली, "इतकी वर्षं मग बाहेर मी कोणासाठी लावत होते?" आम्हां कोणालाच उत्तर सुचले नाही. तिनेच दुसरी मेणबत्ती मागितली. म्हणाली, "बाहेर कोणी असेल तर त्याला कोण आहे? ती मोडू नका." आम्ही तिला फाटकाबाहेर नेले आणि नेहमीच्या जागी तिने ती लावली.

आपणांस माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत, त्यांनी या महिन्यातच त्यांच्यापाशी बसून पूर्वजांची नावे, बायकांची माहेरे, आळ्या आणि मृत्यूची कारणे एका वहीत उतरून घ्यावीत. नोंदवही त्यांच्याशिवाय बोलत नाही. आणि कोणाच्या पूर्वजाविषयी वाईट ऐकले असेल, तर ते पुढच्या पिढीला सांगण्याआधी एकदा वही उघडून पाहावी. माझ्या आजोबांना वडिलांचे नाव ताठ मानेने घेता आले नाही. ती नोंद त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, चर्चच्या कपाटात, उभ्या आयुष्यभर पडून होती.