नसलेली सुगरण

भाकरी फुगत नसेल, तर शेजारच्या जाणत्या बाईला विचारावें, हा गृहिणींचा जुना रिवाज. परंतु जिला अगणित गृहिणींनीं सल्ला विचारला, ती सुगरण या जगांत कधीं जन्मासच आली नव्हती, असें सांगितलें तर? अमेरिकेंतील बेटी क्रॉकर हिची कथा अशीच आहे.

१९२१ सालीं मिनिआपोलिस येथील वॉशबर्न-क्रॉस्बी या गिरणी कंपनीनें आपल्या पिठाच्या जाहिरातींत तुकडे जुळविण्याचें एक चित्रकोडें छापलें. बक्षीस होतें पिठाच्या पोत्याच्या आकाराची, टाचण्या खोचण्याची उशी. उत्तरें तर हजारोंनीं आलींच, पण त्यांजबरोबर प्रश्नही आले. पाव कां फुगत नाहीं? केक मध्येंच कां बसतो? या प्रश्नांच्या उत्तरांखालीं पुरुषाची सही शोभणार नाहीं, असें जाहिरातखात्याच्या प्रमुखास वाटलें. तेव्हां कंपनीच्या एका निवृत्त संचालकाचें ‘क्रॉकर’ हें आडनांव घेऊन त्यास ‘बेटी’ हें घरगुती नांव जोडण्यांत आलें. आणि कचेरींतील स्त्रियांच्या हस्ताक्षरांतून एक सही निवडण्यांत आली.

१९२४ सालीं रेडिओनें तिला आवाज दिला. पुढें निरनिराळ्या शहरांतून निरनिराळ्या स्त्रिया तेंच भाषण वाचीत, आणि ऐकणारीस वाटे, बेटी ती हीच! १९३६ सालीं नेसा मॅक्मेन या चित्रकर्तीनें कंपनीच्या पाकशाळेंतील स्त्रियांच्या चेहऱ्यांचा मेळ घालून तिला मुखही दिलें. १९४५ सालीं ‘फॉर्च्यून’ मासिकानें तर एलिनॉर रूझवेल्ट यांच्या खालोखाल अमेरिकेंतील प्रसिद्ध स्त्री म्हणून तिची गणना केली.

मग ही फसवणूक म्हणावी काय? पीठ खपविणें हा हेतु उघड होता, आणि विश्वासानें पत्र लिहिणाऱ्या बाईस बेटी ही खरीच कोणी आहे असें वाटत होतें, हेंही खरें. तथापि सल्ला खोटा नव्हता. मार्जोरी हस्टेड यांच्यासारख्या गृहशास्त्र जाणणाऱ्या स्त्रिया पाककृति करून पाहात आणि मगच त्या सांगत. मंदीच्या दिवसांत, थोडक्या पैशांत घरच्यांस पोटभर कसें जेवूं घालावें, हेंही त्यांनींच शिकविलें. उपकार खरे होते. केवळ आभार मात्र नसलेल्या बाईच्या नांवें जमा झाले.

१९९६ सालीं बेटीचें नवें चित्र निघालें, तें ७५ स्त्रियांच्या चेहऱ्यांचा संगणकानें जो मेळ घातला त्यावरून काढलेलें. ती एकटी कधींच नव्हती, हें त्या चित्रानें नकळत कबूल केलें.