वर्गाआधीची तयारी

रविवारी उपासना संपली की चर्चच्या बाजूच्या खोलीत प्रौढांचा बायबल वर्ग भरतो. तो वर्ग घेणाऱ्या शिक्षकांशी मला आज बोलायचं आहे. हे शिक्षक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मराठीत काही चांगलं पुस्तक सांगा ना, वर्गासाठी." मी त्यांना उलट विचारतो, धड्याचा उतारा वाचला का? बहुतेकांनी तो वाचलेला नसतो. शनिवारी रात्री मोबाइलवर शोधाशोध होते, कुणाचं तरी प्रवचन सापडतं आणि सकाळी तेच वर्गात वाढलं जातं.

आपल्या घरात दळण कसं करतात ते आठवा. ज्वारी सुपात घेतात, पाखडतात, खडे निवडतात, मग डबा भरून गिरणीत नेतात. भाष्यग्रंथ, बायबलचा शब्दकोश, नकाशे या सगळ्या गिरण्या आहेत. गिरणी हवीच, पण रिकामा डबा घेऊन गेलात तर गिरणीवाला काय दळून देणार? उतारा न वाचता, मनात एकही प्रश्न नसताना भाष्य उघडणं म्हणजे रिकामा डबा पुढे करणं.

फिलेमोनाला लिहिलेलं पत्र घ्या. एकच अध्याय, २५ ओव्या. सावकाश तीनदा वाचलं तरी अर्धा तास पुरतो. अनेसिम हा फिलेमोनाचा पळून गेलेला दास, असं आपण वर्गात बिनधास्त सांगतो. आता पत्र वाचा. तो पळाला असं पौल कुठेही लिहीत नाही. पंधराव्या ओवीत, तो काही काळ दूर झाला होता, एवढंच आहे. अठराव्या ओवीत नुकसानीची, देण्याची गोष्ट आहे. पळून जाणं हा जुन्या काळापासून चालत आलेला अर्थ आहे; तो बरोबरही असेल, पण तो अर्थ आहे, वचन नव्हे. हा खडा सुपातच हाताला लागतो.

मग प्रश्न येतो : हा फिलेमोन राहायचा कुठे? पानाच्या तळाला बारीक अक्षरात संदर्भ दिलेले असतात, तिकडे आपली नजर जात नाही. ते कलस्सैकरांच्या पत्राच्या चौथ्या अध्यायाकडे नेतात. तिथे नवव्या ओवीत अनेसिम आहे, तुमच्यापैकीच एक असं म्हटलेला. सतराव्या ओवीत अर्खिप्प आहे, ज्याचं नाव फिलेमोनाच्या पत्रात दुसऱ्याच ओवीत येतं. म्हणजे घर कलस्सैचं. आणि कलस्सैकरांच्या त्याच पत्रात दासांना आणि धन्यांना केलेला बोध आहे. त्या मंडळीत तो वाचला गेला तेव्हा अनेसिम तिथे बसला असेल का? वर्गाला हा प्रश्न विचारा आणि मग गप्प बसा. ज्यांच्या आजोबांनी वेठ केली, ज्यांनी स्वतः दुसऱ्याच्या शेतात सालं घातली, ती माणसं बोलू लागतील. पौलाने गुलामगिरी चूक असं सरळ का म्हटलं नाही, हेही ती विचारतील. आता तुमचा डबा भरला. आता भाष्याकडे जा, रोमी जगातली गुलामगिरी काय होती ते शोधा.

आणि जाल तेव्हा एका गिरणीवर थांबू नका. आधीच्या माणसाचं पीठ जात्यात थोडं राहतंच, ते आपल्या पिठात उतरतं. प्रत्येक भाष्यकाराच्या पंथाचं तसंच असतं. दोन भाष्यं पाहा, जमल्यास एक प्रॉटेस्टंट आणि एक कॅथलिक. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' मराठीतच आहे.

इंग्रजी येत नाही म्हणून अडतं, असं कुणी म्हणू नये. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून साऱ्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. साध्या बायाबापड्यांना वाचता यावं, हाच हेतू होता. १९२२ मध्ये त्या गेल्या. ग्रंथ त्यांच्यामागून बाहेर आला. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगरला निघाला. त्याचे जुने अंक ज्या मंडळीत असतील त्यांनी ते उघडून पाहावेत. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. तिथल्या ग्रंथालयात मंडळीच्या पाळकांचं पत्र घेऊन जा, नेमका प्रश्न घेऊन जा. "काहीतरी द्या" म्हणाल तर ग्रंथपालांनी तुम्हाला काय द्यावं?

पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं : आधी उतारा, मग तळाचे संदर्भ, मग वहीत लिहिलेले प्रश्न आणि त्यानंतर पुस्तक. हा क्रम उलटू नका.

वर्गातल्या मंडळींनाच एकेक प्रश्न वाटून द्यावा, त्यांनी आठवडाभर शोधावं, याबद्दल मला बरंच बोलायचं होतं. निवृत्त शिक्षिका असतात, परिचारिका असतात, त्यांना... पण इथे मला वेळ संपल्याची खूण झाली आहे. तेव्हा एकच विनंती. बहुतेक चर्चमध्ये पुस्तकांचं एक कपाट असतं आणि ते कुलूपबंद असतं. ज्या पंचांकडे त्याची किल्ली असेल, त्यांनी येत्या रविवारी ती वर्गाच्या शिक्षकांच्या हाती द्यावी.